पडद्याआडचा कंठ

एका राज्यात राजाचा कंठस्वर कुणीही ऐकला नव्हता. राजा पडद्याआड बसून कुजबुजे आणि भालदार ते शब्द पडद्याआडूनच मोठ्याने उच्चारी. कुजबुजीला स्वर नसतो, म्हणून ही रीत निर्दोष मानली जाई. राजाच्या आजोबांनी एका मांत्रिकाकडून नीलमण्यांचा हार घेतला होता. 'हार ल्यालेल्याचा स्वर इतरांच्या कानी पडेल, त्या दिवशी राज्य बुडेल,' असे बजावून, पहाऱ्याला एक बोलकी साळुंकी ठेवून मांत्रिक अंतर्धान पावला होता. आजोबा हार लेऊन अकाली गेले, मागोमाग तोच हार लेऊन वडीलही गेले. आता हार राजा प्रसेनधराच्या गळ्यात होता आणि तोही झिजत होता.

राणी कुमुद्वतीने सप्तपदीची वचनेही भालदाराच्याच मुखातून ऐकली होती. तिने दूरदेशीची नादवैद्या सुवर्चला हिला पाचारण केले. सुवर्चला कंठ ऐके आणि त्यात रोगाची पावले ओळखी. या राज्याची रीत मात्र तिला ठाऊक नव्हती.

पडद्यासमोर बसून ती म्हणाली, "महाराज, तीन गोष्टी मागते. प्रथम, एका श्वासात दीर्घ 'आ'कार लावावा."

पडद्याआडून आकार आला, घंटेसारखा, अखंड.

"आता आपल्या नदीचे नाव घ्यावे."

तेही स्वच्छ आले. सुवर्चला म्हणाली, "श्वास पुरा, कंठ निर्मळ. महाराज निरोगी आहेत."

भालदाराचा कंठ हाच राजाचा मानायची सवय झालेला दरबार हर्षला. राणी तेवढी म्हणाली, "वैद्यबाई, निरोगी माणसाच्या बोटातून मुद्रिका गळून पडते काय?"

सुवर्चला पुन्हा पडद्याकडे वळली. "तिसरी गोष्ट उरली आहे. महाराजांनी राणीसाहेबांना नावाने हाक मारावी."

पडदा थरथरला आणि घामाघूम भालदार बाहेर आला. "बाई, क्षमा असावी. राणीसाहेबांचे नाव मी घेतले, तर माझे शिर जाईल."

"म्हणजे मघाचा कंठ तुमचा?"

"माझाच. निरोगी आहे, हे ऐकून बरे वाटले."

कुणी हसले नाही. साळुंकी ओरडली, "राज्य बुडेल! राज्य बुडेल!"

राणी पडद्याशी गेली. "महाराज, राज्य राहील आणि आपण जाल. मग मी कुणाचा स्वर आठवावा?"

मग वाळल्या पानासारखा एक स्वर आला.

"कुमु..."

नाव अर्ध्यातच तुटले.

सुवर्चला उठली. "श्वास कंठापर्यंत पोचतो आणि तिथे कुणी त्याचा घोट घेते. रोग देहात नाही, गळ्यात घातलेला आहे. हार तोडा!"

राणीने पडदा बाजूला ओढला. हार हाताला जळवेसारखा चिकटला. तिने तो तोडला. नीलमण्यांची राख झाली. साळुंकी चोच उघडून राहिली; ती पुन्हा कधी बोलली नाही.

राज्य बुडाले नाही. राजाच्या अंगी बळ आले, पण स्वर फाटकाच राहिला. नादवैद्या निघताना म्हणाली, "आजोबा आणि वडील यांना कुणी ऐकले असते, तर तेही वाचते."

त्या दिवसापासून त्या दरबारात पडदा नाही. राजा बोलू लागला की सारी सभा श्वास रोखते आणि राणी डोळे मिटून ऐकते.