कुंभारवाड्याचा व्हॉल्व्ह

एकदा एका नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचा एक वृद्ध मुकादम होता. सारे त्याला आबा म्हणत. शहराच्या पोटातले सगळे पाइप आणि ते बंद करायचे व्हॉल्व्ह आबांना मुखोद्गत आहेत, असे सारे मानत. कागदावर मात्र त्यातले काही नव्हते. रस्त्यावर डांबराचे थर चढत, व्हॉल्व्हची झाकणे खाली गडप होत, आणि मग खणायचे कुठे हे आबांनाच विचारावे लागे. ही विद्या मुकादमाने एकाच शिष्याला तोंडी द्यायची, असा तिथला रिवाज होता.

तो शिष्य म्हणजे भिकाजी. नऊ वर्षे तो आबांच्या मागे पहार घेऊन हिंडला, तेव्हा वर्षाकाठी पाच-सात जागा पदरात पडल्या. आबा निवृत्त झाले की शहराचे पाणी आपल्या शब्दावर चालेल, या एका आशेवर त्याने सारे सोसले.

अशात नव्या जलवाहिनीचे काम मंजूर झाले आणि साळसकर नावाच्या तरुण अभियंता बाई रुजू झाल्या. आबांनी काय करावे? बाईंना घेऊन गल्ली न् गल्ली पालथी घातली आणि प्रत्येक व्हॉल्व्हसमोरच्या भिंतीवर पिवळ्या रंगात लिहून टाकले: इथून इतके फूट, खोली इतकी. रंगाचा डबा धरायला कोण, तर भिकाजी. बाई वहीत उतरवून घेत आणि भिकाजीचा जळफळाट होई. आपण नऊ वर्षे झिजून मिळवले ते हिला तीन आठवड्यांत, आणि आता तर रस्त्याने जाणारा कोणीही वाचणार.

एक दिलासा त्याला होता. चार वर्षांपूर्वी कुंभारवाड्यात एका नळासाठी खणताना त्याच्या कुदळीला लोखंडी झाकण लागले होते. आबांनी तो व्हॉल्व्ह कधीच दाखवला नव्हता; त्यांनाही तो ठाऊक नसावा, हे भिकाजीने ताडले. त्याने गुपचूप माती लोटली आणि मूग गिळून बसला. हे तरी आपले एकट्याचे, असे तो मनाशी म्हणे.

शेवटी कुंभारवाडा आला. आबांनी ब्रश बुडवला आणि भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिले, ‘येथील व्हॉल्व्ह मला माहीत नाही. मुकादम.’ समोरचे दुकानदार हसू लागले. बाई पुढच्या गल्लीत गेल्यावर भिकाजी म्हणाला, “आबा, चारचौघांत स्वतःची शोभा कशाला करून घेतलीत?”

“गुरुवारी इथं नवा पाइप जुन्याला जोडायचाय. मुकादमाला सगळं ठाऊक आहे असं धरून बाई चालल्या, तर वाहता पाइप कापतील आणि घराघरांत चिखल शिरेल. जे येत नाही तेही लिहून ठेवावं लागतं, भिकाजी. माझ्या वस्तादांनी ही एक जागा हातची राखली होती. शेवटच्या दिवशी सांगतो म्हणाले आणि त्याआधीच गेले. मीही माहीत नाही असं कधी म्हणालो नाही. बावीस वर्षं इथला पाइप फुटला की सगळ्या शहराचं पाणी बंद केलं आणि सांगितलं, दाब कमी आहे. घरात बाळंतीण असलेले लोक हंडे घेऊन वणवण फिरले, ते माझ्या अब्रूपायी. हेवा मलाही वाटतो रे. बाई लिहितात आणि मी रिकामा होत जातो. पण एकाच्या डोक्यात कोंडलेलं ज्ञान त्याच्याबरोबर चितेवर जातं.”

भिकाजीने आबांच्या हातातला ब्रश घेतला आणि त्या ओळीखाली लिहिले, ‘भिंतीपासून नऊ फूट, खोली चार.’

आबांनी दोनदा वाचले. “कधीपासून ठाऊक आहे?”

“चार वर्षं झाली.”

“मग त्या बावीस वर्षांतली चार तुझी,” आबा म्हणाले आणि डबा उचलून चालू लागले.

गुरुवारी फक्त कुंभारवाड्याचे पाणी दोन तास बंद होते. बाकीच्या शहराला काही कळलेसुद्धा नाही, आणि कुणी भिकाजीचे नावही घेतले नाही. त्याला त्याचे वाईट वाटले, तरी दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन बाईंकडे गेला आणि म्हणाला, “मॅडम, वही काढा. अजून दोन जागा मी दडवून ठेवल्या आहेत.”