नारळ फुटला म्हंजी इंजिन रुळलं न्हाई

‘इंजिन नवंकोरं हाय, पहिल्याच दिवशी फुल्ल रेस दिली तर काय बिघडतंय?’ असं उद्याच्या होड्यांच्या शर्यतीबद्दल म्हनालास म्हनं, गुनाजी. मग ऐक आता.

लई मागं एका तळ्यात रिमोटवर पळनारी होडी हुती. तिच्यात नवं पेट्रोल इंजिन बसवलं. काठावर माणसं जमली, नारळ फुटला, आन् इंजिनाला लगीच चेव आला.

होडी भ्याली. म्हनली, “दादा, पहिली टाकी दमानं जाळ. पिस्टन अजून रुळला न्हाई तुझा.”

“नारळ फुटलाय, आता भ्या कुनाचं?”

“समोर सांडवा हाय रं! तू मधीच आवळून बंद पडलास तर पानी मला तिकडं वढत न्हेऊन खाली आपटंल.”

“माणसं टाळ्या वाजवाया आल्यात, तुझं रडगानं ऐकाया न्हाई!”

म्हनत इंजिन सुसाट सुटलं. तळ्याच्या मधी तापून लालबुंद झालं आन् पिस्टन जागीच आवळून इंजिन बंद पडलं. होडी हाका मारीत सांडव्याकडं चालली. काठावरली माणसं मातूर, “काय पळतीया!” म्हनून टाळ्याच वाजवत हुती.

गुनाजी, उद्याच्या शर्यतीतनं होडी काढ, आन् रिमोट आत्ताच्या आत्ता माझ्या हातात आनून दे.