मणदरीची गाठ

मणदरीत दागिना घ्यायला जाणाऱ्या पाहुण्यांची एक फजिती ठरलेली असते. नदीकाठच्या छपराखाली बायका मणी ओवत बसलेल्या असतात. पुढ्यातल्या सुपांमध्ये मणी मांडलेले असतात, नदीतल्या तांबड्या गोट्यांचे, लाखेचे, भाजलेल्या मातीचे, पितळेचे. शहरातून आलेली एखादी मुलगी हौसेने माळ निवडते, केस एका बाजूला घेते, मान पुढे करते आणि म्हणते, "मावशी, मागून जरा बांधून द्या ना." त्याबरोबर मावशी आपले दोन्ही हात पाठीमागे घेते. मुलगी ओशाळते. तिची आई पुढे झाली तर तिलाही अडवतात, आणि नवरा पुढे झाला तर त्याची चांगलीच खरडपट्टी निघते. "जिच्या गळ्यात, तिनंच बांधायचं. हितं दुसऱ्याच्या मानंमागं हात न्यायचा नाही."

पाहुण्यांना वाटते, इथल्या बायका फटकळ आहेत. फटकळ त्या आहेतच, पण कारण ते नव्हे. मणदरीत लग्नातसुद्धा नवरा मंगळसूत्र बांधत नाही, नवरी स्वतः बांधते. असे का, हे विचारले की सगळ्याजणी सकवारआत्याकडे बोट दाखवतात. सकवारआत्या ही गावातली सगळ्यात म्हातारी ओवणारीण. ती सुई खाली ठेवते, नदीच्या डोहाकडे तोंड करून बसते आणि हौसाची गोष्ट सांगते. मध्येच कुणी मोबाईल काढून फोटो घेऊ लागले तर गोष्ट तिथेच थांबते, मग कितीही मनधरणी करा.

ती सांगते ते असे. मुलखात पेंढाऱ्यांचा धुमाकूळ होता तेव्हाची ही हकीकत. मणदरीतले पुरुष तेव्हा मणेरी होते. नदीतले तांबडे गोटे फोडायचे, घासायचे आणि सामत्याने, म्हणजे दोरीने फिरवायच्या गिरमिटाने, त्यांना भोक पाडायचे, हा त्यांचा धंदा. भोक एका बाजूने अर्धे पाडायचे, मग दगड उलटून दुसऱ्या बाजूने अर्धे, आणि दोन्ही नेमकी मध्यावर भेटवायची. बायका ते मणी रेशमात ओवायच्या. हौसा त्यांच्यात सगळ्यांत तरबेज. तिच्या हातची माळ तुटली असे कुणी ऐकले नव्हते.

तिचा नवरा धोंडजी चांगला कारागीर होता, पण त्याने आयुष्यात पाडलेले पहिले भोक साफ फसले होते. दोन्ही बाजूंची भोके मध्ये भेटली खरी, पण तिरपी. त्या मण्यातून मेण लावलेला दोरा ओढून पुढे काढता येई, मागे मात्र तो काही केल्या येत नसे. धोंडजीने तो मणी फेकला नाही, स्वतःच्या गळ्यात घातला. हौसा त्याला चिडवायची, "तुमच्यावानीच हाय त्यो. एकदा पुढं गेला की माघारी फिरायचं नाव न्हाई." धोंडजी हसायचा. त्यांना राही नावाची एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची, आणि आईने वेणी घातल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

एका वर्षी धोंडजी आणि गावातले धडधाकट पुरुष मालाच्या पोतड्या घेऊन दूरच्या जत्रेला गेले. ते परतायच्या आत गावात पेंढारी शिरले. भर दुपारी, असे सांगतात. त्यांच्या म्होरक्याला लोक बर्चीबहाद्दर म्हणत, कारण त्याच्या हातात कायम आखूड भाला असे. बहाद्दर कसला, म्हाताऱ्याकोताऱ्यांवर भाला चालवणारा तो! पाटील हात जोडून वेशीत आला, त्याला बर्चीने वेशीच्या दारालाच टोचून ठेवला. नथ काढायला वेळ लागतो म्हणून नाकासकट नथी ओढल्या. कानांच्या पाळ्या फाडल्या. गळ्यातल्या पोती हिसकल्या, तेव्हा काही दोरे तुटले आणि जे तुटले नाहीत त्यांच्यासाठी सुरी काढली. मणदरीचा दोरा सहजी तुटत नसे, हे त्या दिवशी मणदरीच्याच बायकांना भोवले.

हौसा राहीला घेऊन कणगीत लपली होती. त्यांना केसांना धरून बाहेर काढले आणि डोहाकाठच्या सपाट खडकावर म्होरक्यापुढे उभे केले. त्याने राहीला आपल्याजवळ ओढून घेतले आणि हौसापुढे एक कातडी पिशवी उपडी केली. नाना तऱ्हेचे मणी खडकावर पसरले. पोवळी, चांदीचे, काचेचे, लाखेचे, एक तर शंखाचा. लुटलेल्या प्रत्येक गावातून त्याने एक मणी ठेवला होता आणि त्यांचा त्याला हार हवा होता.

"मागं दोघांनी केला," तो म्हणाला. "घोडा उधळला की तुटायचा. त्यांची बोटं त्या पिशवीतच होती, परवा फेकली. तुझा तुटला तर तुझी बोटं ऱ्हाऊ देतो. ही पोरगी फेकतो डोहात."

"तुटायचा न्हाई," हौसा म्हणाली. "पर पोरीला माझ्या नजरंसमोर ठेवा."

पेंढाऱ्यांनी गावातच तळ दिला. उरलेल्या बायकांना चुली फुंकायला लावले. हौसा खडकावर बसून मणी निवडू लागली. सगळे मणी वेगवेगळ्या आकारांचे, वेगवेगळ्या वजनांचे, आणि त्यांतून एक डौलदार हार घडवायचा होता. कोणता मणी कुठला हे कळल्याशिवाय जुळणी नीट होत नाही, असे तिने त्याला सांगितले. हे काही खरे नव्हते. पण तो खुळा खूश झाला आणि एकेक मणी उचलून सांगू लागला. हा एका बाळंतिणीच्या मनगटातला. हा एका पुजाऱ्याचा, त्याला विहिरीत उलटा टांगला होता. हा ज्या गावातला, ते गाव आम्ही झोपडीसुद्धा न ठेवता जाळले. तो हसत सांगत होता आणि हौसा ऐकत ऐकत मणी ओवत होती. ती मनात प्रत्येकाला हात जोडत होती, असे सकवारआत्या सांगते. आपण खरे मानू.

मग एक तांबडा मणी तिच्या हाती आला. तिने सवयीने दोरा घातला, तो पुढे गेला. मागे ओढून पाहिला, तो आला नाही. हौसाने मणी मुठीत धरला. पुन्हा ओढून पाहायची गरजच नव्हती.

"आन् ह्यो?" तिने विचारले.

"त्यो व्हय? जत्रंच्या वाटंवर होता एक मणेरी. पोतडी सोडंना. हात तोडला तरी दुसऱ्या हातानं धरून बसला. लई चिवट." म्होरक्याने आपल्या पायाजवळ बसलेल्या राहीच्या डोक्यावर थोपटले. "त्याचं मुंडकंच उडवावं लागलं, तवा कुठं ह्यो निघाला गळ्यातनं."

हौसाने मान वर केली नाही. समोर बसलेल्या मुलीला हे कळू नये, एवढीच तिची धडपड होती. कळले असते तर राही ओरडली असती, आणि ओरडली असती तर जगली नसती. हौसाला रडायचे होते, छाती पिटायची होती. तिने ते सगळे गिळले आणि तो मणी बाजूला काढून ठेवला.

हाराचे दोन्ही पदर शेवटी मानेमागे एका मण्यातून ओवायचे असतात. तो मणी वर सरकवला की हार आखडतो, खाली सरकवला की सैल होतो. त्यासाठी गुळगुळीत, सरळ भोकाचा मणी लागतो. हौसाने तिथे धोंडजीचा मणी घातला. दोरा तिने रेशमाचा वळला, त्यात घोड्याच्या शेपटीचे केस मिसळले आणि वरून मेण दिले. तो वळताना तिच्या बोटांची सालटी निघाली.

हार तयार झाला तेव्हा पेंढारीसुद्धा वाकून वाकून पाहू लागले. बर्चीबहाद्दराने हात पुढे केला आणि मध्येच थांबला. असली माणसे दुसऱ्याला जेवढी घाबरवतात तेवढीच स्वतः घाबरत असतात.

"आधी पोरीला घाल," तो म्हणाला.

हौसाने राहीच्या गळ्यात हार घातला. मानेमागे हात नेला. रोज वेणी घालणारे ते हात राहीच्या ओळखीचे होते, पण आज ते गार पडले होते. "वर घे," तो म्हणाला. हौसाने मणी नखभर वर सरकवला. दोरा राहीच्या गळ्याशी आला. "अजून." आणखी नखभर. भीतीने राहीचा श्वास अडला, तिने आईच्या तोंडाकडे पाहायचा प्रयत्न केला. आता आणखी सरकला असता तर हार डोक्यावरून निघाला नसता आणि मागे येणारा तो मणी नव्हे. म्होरका मोठ्याने हसला. "बस. काढ." हौसाने हार वर ओढून काढला, तेव्हा राहीचे दोन्ही कान खरचटून रक्ताळले. ती रडली नाही. आईपासून मात्र एक पाऊल मागे सरकली. "ह्यो पोरीच्या मापाचा झाला," म्हणत हौसाने हार उकलला आणि तोच मणी मागे ठेवून म्होरक्याच्या मापाने सैल ओवला.

म्होरक्याने हार घातला, तोवर बाकीचे पेंढारी चुलींकडे पंगतीला जाऊन बसले होते. आपले रूप पाहायला तो खडकाच्या कडेला डोहावर वाकून बसला. हौसा त्याच्या मागे गुडघ्यांवर बसली.

"लोंबतोय," तो पाण्यात बघत म्हणाला. "वर घे."

तिने घेतला.

"अजून."

तिने आणखी घेतला. आणि मग त्याने न सांगता एकदा, सगळ्या अंगाचा भार टाकून.

त्याने दोन्ही हातांनी गळा धरला. बोटे दोऱ्याखाली शिरेनात. मणी खाली खेचू लागला तर मणी हलेना. त्याने कमरेची सुरी काढून मागे चालवली, ती हौसाच्या डाव्या हाताच्या दोन बोटांतून आरपार गेली. बोटे खडकावर पडली, पण तिने दोरा सोडला नाही, उजव्या हाताला वेढा देऊन धरला. दुसरा वार तिच्या खांद्यात बसला. दोघेही लोळत डोहात कोसळले. पाण्यात ती त्याच्या पाठीवर होती, दोन्ही गुडघे त्याच्या मणक्यात रोवून. त्याचे पाय पाणी झोडपत राहिले, मग नुसते हलत राहिले, मग थांबले. राही काठावर उभी राहून हे सगळे पाहत होती आणि आता मात्र ती ओरडली.

ती ओरडताच चुलीपाशी बसलेल्या बायका उठल्या. लाखेचे मणी करायला म्हणून त्यांनी चुलीवर चढवलेली लाख हंड्यात उकळत होती. पहिल्या पंगतीला बसलेल्या पेंढाऱ्यांच्या तोंडांवर ती गेली. मग गोटे फोडायचे हातोडे निघाले. फाटलेल्या नाकांच्या, फाटलेल्या कानांच्या बायका त्या. त्यांनी कुणाची गयावया ऐकली नाही, लुटीच्या दिवशी त्यांचीही कुणी ऐकली नव्हती. बायकाही मेल्या. पण म्होरक्याचे काळेनिळे तोंड पाण्यावर आलेले दिसले तेव्हा उरलेले पेंढारी घोडी टाकून पळाले.

प्रेत बाहेर काढल्यावर बायकांनी हौसाला विचारले, दोरा कापून धोंडजीचा मणी काढून देऊ का? नवऱ्याची तेवढीच खूण उरली होती. हौसाने तो मणी एकदा बोटाने चाचपला. "नगं," ती म्हणाली. "पोतडी सोडली न्हाई त्यांनी. त्यांच्या मण्यानं ह्यालाबी सोडू नये." मग हारासकट ते प्रेत दगड बांधून डोहात लोटले. उन्हाळ्यात पाणी उतरले की अजूनही तिथे नाना तऱ्हेचे मणी सापडतात म्हणे, आणि ते कुणी उचलत नाही.

गाव वाचले, मुलगी वाचली. पण त्या दिवसापासून राहीने आईला वेणी घालू दिली नाही. आई मागे आली की ती वळून भिंतीला पाठ लावायची. गळ्यात तिने साधा दोराही घातला नाही. हौसा तुटक्या हाताने जेवण वाढायची, पुढून वाढायची आणि बाजूला व्हायची. जिच्यासाठी तिने हात रक्तात घातले, तिलाच त्या हातांची भीती बसली होती. याहून वाईट काय असेल, असे सकवारआत्या इथे म्हणते.

वर्षे गेली. राहीचे लग्न ठरले. मंगळसूत्र हौसानेच ओवले, आठ बोटांनी. मांडवात नवऱ्याने ते हातात घेतले, राहीच्या मागे आला आणि दोन्ही हात तिच्या मानेकडे नेले. राही किंचाळली. दोन्ही हातांनी गळा धरून ती खाली बसली, श्वास घेता येईना. नवऱ्याकडची मंडळी कुजबुजू लागली, मुलीला बाहेरची बाधा आहे म्हणू लागली. भटजी पोथी मिटून उभे राहिले. लग्न मोडायला आता कुणाच्या एका शब्दाचीच गरज होती.

हौसा पुढे आली. जावयाच्या हातून तिने मंगळसूत्र घेतले आणि राहीच्या समोर, पुढून, जमिनीवर बसली. मंगळसूत्र तिच्या ओंजळीत ठेवले. मग आपले दोन्ही हात तिने स्वतःच्या पाठीमागे नेले.

"बाई, तुझी गाठ तू बांध," ती म्हणाली. "कुणी हात लावायचा न्हाई. ना ह्यानं, ना मी."

जावई भला माणूस होता. त्यानेही हात मागे घेतले. मग मांडवातल्या सगळ्यांनी घेतले, भटजींनीसुद्धा. राही कितीतरी वेळ मंगळसूत्राकडे बघत बसली. मग तिने ते गळ्याला लावले, त्याचे पदर मानेमागे नेले आणि चाचपडत चाचपडत गाठ मारली. गाठ काही सुबक बसली नाही. राहीने आईकडे पाहिले, हात पुढे करून तिच्या पाठीमागचा तुटक्या बोटांचा हात ओढून घेतला आणि आपल्या मानेवर, गाठीवर ठेवला.

"घट झाली का गं बघ," ती म्हणाली.

हौसा तेव्हा रडली. धोंडजीसाठीचे रडणेही तेव्हाच रडली, असे सांगतात.

आजही मणदरीत लग्न लागते तेव्हा मंगळसूत्र बांधायची वेळ आली की सगळा मांडव हात पाठीमागे घेतो. नवरी आपली गाठ आपण मारते. मग ती आईचा हात धरून आपल्या मानेवर नेते आणि गाठ दाखवते. काही मुली लगेच दाखवतात, काहींना वेळ लागतो. तोवर आई हात मागे घेऊन उभी राहते.