कोरड्या डोळ्यांची सुईण

पूर्वी एका गावाबाहेर एक वृद्ध वैद्य राहत असत. लोक त्यांना वैद्यबाबा म्हणत. त्यांच्यापाशी भानुदास नावाचा त्याच गावचा एक तरुण विद्या शिकत होता. बुद्धीने तल्लख, पाठांतराला पक्का. पण मनाने भित्रा, आणि आपण भित्रे आहोत हे त्याला मुळीच कबूल नव्हते.

एके दिवशी टळटळीत दुपारी वैद्यबाबांच्या अंगणात कौतिकाबाई येऊन उभी राहिली. भानुदासने तिला पाहिले आणि नकळत तो दाराच्या आत सरला.

कौतिकाबाई गावची सुईण. गावातली निम्मी मुले तिच्या हातांवर जगात आली होती, भानुदाससुद्धा. पण अलीकडे तिला बाळंतपणाला कुणी बोलावत नसे. तिचे डोळे सुकले होते. आधी आधी वाळूचे कण गेल्यासारखे खुपत, मग त्यांतली ओल नाहीशीच झाली. पापणी मिटायची म्हणजे तिला ती ओढून आणावी लागे, म्हणून ती फार क्वचित मिटायची आणि समोरच्याला वाटायचे, ही आपल्यावर नजर खिळवून आहे. तोंडाचेही तेच. जीभ टाळूला चिकटायची, आवाज घसा खरवडत बाहेर यायचा. हातात कायम पाण्याचा तांब्या. चार शब्द बोलली की एक घोट.

तिचा तरणा मुलगा पान लागून, साप डसून गेला तेव्हा ती चितेसमोर उघड्या, कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. एक टिपूस आले नाही. तिथून कुजबुज सुरू झाली. आई असून रडली नाही. हिच्या आत काहीतरी बसले आहे आणि ते सारखे पाणी मागते आहे. हळूहळू ती वाटेने निघाली की पुढची दारे लागत जात. आदळून नव्हे, अगदी हळू. कड्यांचा तेवढा आवाज यायचा. ती गेली की मागे परत उघडत.

वैद्यबाबांनी तिला ओसरीवर बसवले. नाडी पाहिली, डोळ्यांच्या कडा पाहिल्या, सुजलेल्या बोटांचे सांधे चाचपले. डोळ्यांसाठी औषधी तूप दिले, आणि म्हणाले, "बाई, हा रोग मुळापासून जाईल असं मी सांगत नाही. पण थोडा आराम पडावा म्हणून एक करू. गाय व्याल्यावरचा चीक रोज वाटीभर, कोमट करून घ्यायचा."

कौतिकाबाई हसली. तिचे ओठ चिरले. "बाबा, मला चीक कोण देणार? गोठ्याच्या बाजूनं गेले तरी बाया वासरं आडोशाला नेतात."

"ते माझ्याकडे लागलं."

त्या हंगामात बयाजी गवळ्याच्या गोठ्यात एकामागून एक गाई व्यायच्या होत्या. वैद्यबाबांनी त्याला निरोप धाडला: वासरू पोटभर प्यायले की उरेल त्यातला थोडा चीक द्यावा. बयाजीने मान डोलावली. कुणासाठी हवा, हे त्याने विचारले नाही.

रोज सकाळी भानुदास चीक आणी, कोमट करी आणि कौतिकाबाई आली की वाटी ओसरीच्या कडेला ठेवून काठीने तिच्याकडे सरकवी. ती प्यायली की वाटी राखेने घासून वेगळी पालथी घाली. सकाळी धुके असायचे. धुक्यातून आधी तिचा तांब्या दगडावर टेकल्याचा आवाज यायचा आणि मग, कितीतरी वेळाने, ती. भानुदासला वाटायचे, मधल्या वेळात ती माणसासारखी चालत नसेलच. वैद्यबाबा हे सारे पाहत असत.

काही दिवसांनी कौतिकाबाई म्हणाली, "बाबा, आज भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळला." भानुदासने ते ऐकले, पण त्याचे लक्ष तिच्या डोळ्यांकडे होते. ते तसेच होते, कोरडे आणि उघडे.

त्याच आठवड्यात बयाजीच्या तांबड्या गाईचे वासरू दगावले. गाय पान्हा सोडीना. भानुदास चीक आणायला गेला तेव्हा बयाजी गोठ्याच्या दारात आडवा उभा होता.

"खरं सांग, हा चीक कुणाच्या पोटात जातो?"

भानुदास गप्प राहू शकला असता. गुरुजींना विचारा, असेही म्हणू शकला असता. पण इतक्या दिवसांची भीती त्याला गप्प बसू देईना. तो म्हणाला, "सुईणीच्या."

बयाजीने खांद्यावरचे उपरणे झटकले आणि तो गावात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वैद्यबाबा शेजारच्या वाडीला रोगी पाहायला गेले. भानुदास घरी एकटा होता. ऊन असे होते की अंगणातली सावली भिंतीच्या बुडाशी जाऊन बसली होती. पाखरू ओरडत नव्हते. एवढ्यात आवाज आला: रिकामे भांडे दगडावर टेकल्याचा.

त्याने फटीतून पाहिले. कौतिकाबाई अंगणात उभी होती. हातातला तांब्या उलटा होता. तिने तोंड उघडले. आवाज आला नाही. परत उघडले. ओठ हलले, जीभ हलली नाही. डोळे दारावर होते, नेमके त्या फटीवर, जिथे भानुदासचा डोळा होता.

त्याने कडी घातली.

मग दारावर थाप पडली. एक. बराच वेळ काही नाही. नंतर भिंतीला काहीतरी घासत असल्याचा आवाज सुरू झाला. तांब्याची कड मातीच्या भिंतीवरून हळूहळू सरकत होती, घराच्या कडेकडेने, मागच्या बाजूला. भानुदास घराच्या मधोमध उभा होता आणि तो आवाज त्याच्याभोवती फिरत होता. न्हाणीच्या बाजूला आवाज थांबला. त्याने कानांवर हात घेतले. हात काढले तेव्हा बाहेर काहीच नव्हते, आणि ते काहीच नसणे त्याला आवाजाहून भयंकर वाटले.

वैद्यबाबा परतले तेव्हा त्यांना ती घरामागे सापडली. पाण्याच्या रांजणावर जड फळी होती. ती उचलण्याइतके बळ तिच्यात उरले नव्हते. रांजणाच्या पाझरत्या पोटाला गाल लावून, ओल्या मातीला ओठ टेकवून ती पडली होती. बयाजीचे ऐकून गावाने तिला विहीर बंद केली होती. काल संध्याकाळपासून तिला पाणी मिळाले नव्हते.

वैद्यबाबांनी कापसाचा बोळा भिजवून तिच्या ओठांवर धरला. थेंब थेंब करत जीभ सुटली. मग घोट, मग तांब्याभर. भानुदास दाराशी उभा होता. वैद्यबाबांनी त्याला विचारले, "ही आली तेव्हा तू कुठे होतास?"

"आत."

"कडी कुणी घातली?"

भानुदासने मान खाली घातली. "गुरुजी, बयाजीला मीच सांगितलं."

गुरुजी रागावतील अशी त्याची अपेक्षा होती. ते रागावले नाहीत. आत गेले. वाडीवरून येताना त्यांनी थोडा चीक आणला होता. तो चुलीवर कोमट केला, वाटीत ओतला आणि ती वाटी आणून भानुदासच्या हातात दिली. कौतिकाबाईची वाटी होती ती, वेगळी पालथी घातलेली.

"घे."

"गुरुजी, हा तर त्यांच्यासाठी..."

"आज आधी तू."

"पण मला कुठे रोग आहे?"

वैद्यबाबा ओसरीवर बसले. म्हणाले, "देहात राखणदार असतात, भानुदास. आपला कोण, परका कोण, हे ओळखणं त्यांचं काम. या बाईच्या देहातल्या राखणदारांना भूल पडली आहे. डोळ्यांतला झरा, तोंडातला झरा, हे त्यांना शत्रू वाटू लागले, आणि ते आपल्याच घरातले झरे बुजवत सुटले. त्यात त्यांचा दुष्टपणा नाही. आपण घर राखतो आहोत अशीच त्यांची समजूत आहे. आज दुपारी कडी घालून तूही घरच राखत होतास."

भानुदासने हातातल्या वाटीकडे पाहिले.

"गावही तेच करतंय," वैद्यबाबा म्हणाले. "जिनं गावातली पोरं हातांवर घेतली, तिलाच गाव परकी समजून सुकवतंय. गाय पहिल्या दुधात वासराला नुसतं पोषण देत नाही. तिच्या देहानं जन्मभरात जे ओळखलं, ते त्याला पाजते. म्हणून मी चीक देतो. हिच्या राखणदारांना किती ओळख पटेल, मला ठाऊक नाही. तुला पटते का, ते आधी पाहू."

भानुदासने वाटी ओठांना लावली. चीक घट्ट, कोमट, किंचित खारट होता. गिळता गिळता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्याने ते पुसले नाही.

कौतिकाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती, आणि आज प्रथमच भानुदासने ती नजर चुकवली नाही. ती पुढे सरकली. सुजलेले बोट तिने त्याच्या गालावर टेकवले. एक आसू त्यावर आले. ती त्या थेंबाकडे पाहत राहिली.

"असं असतं होय," ती म्हणाली. "विसरलेच होते रे बाळा. माझा लेक गेला तेव्हा आत सगळं भरून आलं होतं. बाहेरच येईना. चिता विझेस्तवर मी वाट बघत होते, आता येईल, आता येईल."

मग ते बोट तिने आपल्या डोळ्याच्या कोपऱ्याला लावले आणि पापणी मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भानुदास तिला घेऊन विहिरीवर गेला. बायका होत्या; त्या बाजूला झाल्या. बयाजी होता, तो म्हणाला, "भानुदास, तू परत फिर."

"माझी आई अडली तेव्हा हिलाच बोलावलं होतं, बयाजीदादा. तुमची मालकीण अडली तेव्हाही." भानुदासने दोर हातात घेतला. "वासरू रोगानं गेलं. वासरू नाही म्हणून गाईनं पान्हा चोरला. हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. आणि ही रडत नाही, कारण हिला रडता येत नाही. तो आजार आहे. मी वैद्यकी शिकतो आहे, तरी मी भ्यालो."

त्याने दोर सोडला, पाणी ओढले, तिच्या तांब्यात ओतले आणि उरलेले ओंजळीने स्वतः प्यायला. बराच वेळ तो एकटाच पाणी ओढत होता. मग बयाजीच्या बायकोने आपली घागर आणून कौतिकाबाईच्या तांब्याशेजारी टेकवली आणि म्हणाली, "माझीही भर."

कौतिकाबाईच्या डोळ्यांत पाणी कधी आले नाही. चीक मिळे तोवर तोंडाची आग थोडी कमी राही, बाकी तूप, पाणी आणि सांभाळून राहणे. वैद्यबाबांनी याहून अधिक कधी कबूल केले नव्हते. पण ती रस्त्याने निघाली की कड्या वाजायच्या थांबल्या. पुढे भानुदास स्वतः वैद्य झाला. रोगी दारात आला की तो आधी त्याच्या डोळ्यांकडे बघे, आणि रोगी स्वतः नजर खाली घेईपर्यंत आपली नजर चुकवत नसे.