शेठ काशीला, सही मेहुण्याची

“जमीन माझी, विहीर माझी! मी काही विकलेलं नाही!” सदोबाशेठ भर दरबारात छाती बडवत होता.

समोर हौसा कुंभारीण कमरेवर हात ठेवून उभी. शेठ काशीयात्रेला निघाला, तेव्हा मेहुण्याला शिक्क्याचं मुखत्यारपत्र देऊन गेला होता. त्यात लिहिलं होतं, ‘याने माझी जमीन विकावी, याची सही ती माझीच सही.’ मेहुण्याने ओढ्याकाठचा खडकाळ तुकडा हौसाला विकला. पैसे शेठच्याच पेटीत गेले. हौसाने भट्टी लावली, विहीर खणली, आणि काय सांगू, पाणी लागलं ते अगदी नारळाच्या पाण्यासारखं गोड! शेठ परत आला, एक ओंजळ प्यायला आणि लागलं की त्याच्या पोटात दुखायला.

“कागद नीट पाहिला होतास का गं?” दिवाणजींनी विचारलं.

“पाहिला म्हणजे? शिक्का पाहिला, विकायचा अधिकार वाचून घेतला. शेठ वाटेतच खपला तर मुखत्यारपत्रही खपलं! म्हणून सही होईपर्यंत रोज सकाळी शेठाणीच्या कपाळावरचं कुंकू बघून यायचे!”

दरबार खो खो हसला. शेठने हळूच स्वतःची नाडी चाचपली.

राजे हैबतराव मात्र हसले नाहीत. भारी हेकट माणूस! “ज्याची वस्तू त्यानं जातीनं द्यावी,” ते गरजले. “जो हजरच नव्हता, त्यानं काही केलंच नाही! माणूस एकीकडे आणि त्याचं काम दुसरीकडे, असं कधी झालंय? आमच्या राज्यातला एक तरी दाखला दे. नाहीतर विहीर शेठची!”

खडक फोडून फोडून हौसाच्या तळहातांची सालं निघाली होती. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चिकाच्या पडद्याआड राणीसाहेबांच्या बांगड्या वाजल्या, आणि हौसा खुदकन हसली.

“महाराज, राणीसाहेबांशी लग्न लागलं तेव्हा बोहल्यावर आपण होतात?”

“छे! आम्ही मोहिमेवर होतो. घराण्याच्या रीतीप्रमाणे आमची तलवार पाठवली. राणीसाहेबांनी तिलाच माळ घातली.”

“म्हणजे आपण हजर नव्हतात?”

“नव्हतो, म्हटलं ना!”

“मग आपण काही केलंच नाही! राणीसाहेब तलवारीच्या, आणि महाराज अजून बिनलग्नाचे! शेठच्या मेहुण्याकडे निदान शिक्क्याचा कागद तरी होता. तलवारीकडे काय होतं?”

तोच पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला, “आम्हाला चालेल! तलवार घोरत तरी नाही!”

राजांनी आधी डोळे वटारले, मग मिशा थरथरल्या, आणि मग ते असे हसले की पागोटं मांडीवर पडलं.

“हरलो गं बाई! जमीन तुझी, विहीर तुझी! वर लुगडं-चोळी घे, आणि आजपासून राजवाड्याचे सगळे रांजण तूच घडवायचे.” मग त्यांनी डोळे पुसले आणि दिवाणजींना जवळ बोलावलं. “आणि उपाध्यायांना बोलवा. एक माळ घेऊन आम्ही जातीनं येतो. उगाच जोखीम नको!”