भोपळ्यावरची उडालेली जागा

कृष्णाकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध कारागीर राहत होते. तंबोरे घडवण्यात त्यांची हयात गेली होती आणि सारा गाव त्यांना उस्ताद म्हणत असे. गल्लीच्या तोंडाशी कुणी तार छेडली, तर आत बसल्या बसल्या ते सांगत, तारांखालची घोडी जराशी कलली आहे. आता असे कान राहिले नाहीत, आणि ती गल्लीही राहिली नाही.

उस्तादांकडे भूपाल नावाचा एक शिष्य होता. सात वर्षांत तो भोपळे वाळवायला शिकला, कापायला शिकला, दांडी जोडायला शिकला. राहिली होती ती जवारी. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीने असा घासायचा की तार त्यावर पुरती टेकूही नये आणि पुरती सुटूही नये. त्या केसभर जागेतून तंबोऱ्याचा गुंजारव निघतो. उस्ताद म्हणत, बाकी सगळे सुतारकाम, जवारी तेवढी विद्या. इकडे भूपालचे थोरले बंधू शेती बघायला ये म्हणून निरोपावर निरोप धाडत होते. भूपालने मनाशी ठरवून टाकले होते, की पहिली स्वतंत्र जवारी साधली तर राहायचे, नाहीतर कानस खाली ठेवून गावी जायचे.

अशात एके दिवशी हळदीचे एक मोठे व्यापारी दुकानात आले. साठी उलटलेली, डोक्याला टोपी, हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तंबोरा. तो त्यांनी लेकराला निजवावे तसा गादीवर ठेवला.

"माझ्या आईचा आहे," ते म्हणाले. "सकाळी देवपूजा झाली की ती याच्यावर भजनं म्हणायची. मी आठ वर्षांचा असताना ती गेली. तेव्हापासून हा माळ्यावरच होता. मागच्या वर्षी खाली काढला, तारा बदलल्या, पण तो आवाज काही निघत नाही. उस्ताद, तिचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. आवाज तेवढा आठवतो. तो एकदा ऐकू द्या."

उस्तादांनी तंबोरा उचलून भूपालच्या मांडीवर दिला. "हा तू कर."

भूपालने जीव ओतून काम केले. घोडी जुन्या काळची, हरणाच्या शिंगाची होती. आठ दिवसांनी तारा चढवल्या, तार आणि घोडी यांच्यामधले सूत सरकवून जागेवर आणले, आणि दुकान स्वरांनी भरून गेले. उस्तादांची मान डोलली. व्यापाऱ्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "फार छान आहे. पण हा तो नव्हे."

भूपालने पुन्हा घोडी घासली. पुन्हा ते आले आणि पुन्हा म्हणाले, हा तो नव्हे. तिसऱ्या खेपेलाही तेच. बिचारे रागावत नसत, उलट ओशाळल्यासारखे होत. त्यानेच भूपालला जास्त लागे. त्याची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली. आणि घोडी तर दर खेपेला झिजत चालली होती. एकदा घासलेले शिंग काही पुन्हा वाढत नाही.

निदान तंबोरा दिसायला तरी देखणा करू, म्हणून तो एका दुपारी रोगणाची वाटी घेऊन बसला. भोपळ्याच्या मागच्या अंगाला, अगदी खाली, तळहाताएवढ्या जागेवरचे रोगण उडून गेले होते. जागा गुळगुळीत आणि फिकी झाली होती. त्याने पॉलिश पेपर उचलला, तोच उस्ताद ओरडले, "तिथं हात लावू नकोस!"

"वाईट दिसतं, उस्ताद."

"दिसू दे. वाजवणाऱ्याचा हात तिथं जात नाही, जमिनीलाही ती जागा टेकत नाही. मग ती झिजली कशानं? ते मला अजून कळलं नाही. आणि जे कळलं नाही, ते पुसायचं नाही."

भूपालला हे म्हातारपणाचे खूळ वाटले. पण शब्द मोडायची रीत त्या घरात नव्हती. त्याने वाटी झाकून ठेवली.

चौथ्या खेपेला व्यापारी आले, तेव्हा घोडी इतकी उतरली होती की आणखी एक हात फिरला असता तर ती कायमची वाया गेली असती. भूपालने तार छेडली. व्यापारी पुष्कळ वेळ ऐकत राहिले.

"नव्हे हो," ते शेवटी हताश होऊन म्हणाले. "हा समोरून येतो. तो आतून यायचा. माझ्याच अंगातून आल्यासारखा."

भूपालचे डोळे भरून आले. त्याने निकराने कानस उचलली. एवढा हात फिरवायचा आणि संध्याकाळच्या गाडीने गावी जायचे. कानस घोडीला टेकणार, इतक्यात उस्तादांनी त्याचे मनगट धरले.

त्यांनी तंबोरा फिरवला आणि त्या फिक्या जागेवरून बोटे फिरवली. मग ते व्यापाऱ्यांकडे वळले. "शेटजी, टोपी काढा आणि इथं आडवे व्हा."

"इथं? दुकानात?" व्यापारी भांबावले. बाजारात ज्यांच्या शब्दावर हळदीचे सौदे ठरत, त्यांना लाकडाच्या भुशाने माखलेल्या गादीवर कुणी आडवे व्हायला सांगितले नव्हते. पण उस्ताद आधीच मांडी घालून बसले होते. तंबोरा त्यांनी मांडीशी उभा धरला होता. व्यापाऱ्यांनी इकडेतिकडे पाहिले, टोपी काढली आणि कण्हत कुथत त्यांच्या मांडीवर डोके ठेवले. उस्तादांनी त्यांचा गाल हलकेच भोपळ्याला टेकवला. उडालेल्या जागेवर कान बरोबर बसला.

उस्तादांनी तार छेडली.

पहिल्याच स्वराला व्यापाऱ्यांचे सारे अंग थरारले. त्यांनी गुडघे पोटाशी घेतले. डोळ्यांतून धार लागली. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, "हाच. हाच तो." आणि मग, डोळे न उघडताच, अगदी लहान आवाजात, "मधूनमधून तिचा श्वास पण ऐकू यायचा."

उस्तादांचा हात क्षणभर थांबला. "तो मला करता येत नाही, बाळ," ते म्हणाले आणि पुन्हा तार छेडू लागले.

व्यापारी तंबोरा घेऊन गेले. भूपाल तसाच बसून होता. शेवटी त्याने विचारले, "म्हणजे जवारी पहिल्याच खेपेला साधली होती?"

"साधली होती, आणि पुढच्या प्रत्येक खेपेलाही. माझी मान डोललेली तू पाहिलीस ना?"

"मग मला तीनदा घासू का दिलंत?"

उस्ताद हसले. "कारण मीही तुझ्यासारखाच तारेत शोधत होतो. माझं चुकलं. भूपाल, आपण म्हणतो आवाज तारेत आहे. तारेत नुसता कंप असतो. त्याचा आवाज होतो तो कुणापाशी तरी जाऊन. तो कुणीतरी कुठं बसला होता, केवढा होता, कुणाच्या कुशीत होता, हे सगळं त्या ऐकण्यात मिसळलेलं असतं. पुढं दिवस जातात. माणूस आपली जागा विसरतो, गोडी तेवढी लक्षात राहते. मग ती गोडी तो वस्तूत धुंडाळत राहतो आणि वस्तू बिचारी झिजत जाते. शेटजींच्या आठवणीत खोट नव्हती, तुझ्या हातातही नव्हती. फक्त ते समोर बसून ऐकत होते. आईचा तंबोरा त्यांनी समोरून कधी ऐकलाच नव्हता."

भूपाल उठला. त्याने कानस पुसली आणि भिंतीवरच्या खिळ्याला, रोजच्या जागी अडकवली. भावाला कळवले, की येत नाही.

या गोष्टीलाही आता खूप वर्षे झाली. उस्ताद गेले. भूपालचे केस पांढरे झाले आणि लोक त्यालाच उस्ताद म्हणू लागले. अजूनही कुणी जुना तंबोरा घेऊन येते आणि म्हणते, पूर्वीसारखा वाजत नाही. तेव्हा तो कानशीला हात लावत नाही. आधी पाहुण्याला पाणी देतो आणि विचारतो, "तेव्हा तुम्ही बसायचात कुठं?"

पुष्कळजणांना उत्तर देता देता कुणाची तरी कूस आठवते. मग तो वाद्य बाजूला ठेवतो आणि ती आठवण बसून ऐकतो.