रंभा मुंगशीची मोटार

प्राणी मोटारी चालवत, त्या काळची ही गोष्ट. माळावरच्या गोल वाटेवर हौशी मंडळी गाड्या पळवायला जमत. रंभा मुंगशीलाही तिथे उतरायचं होतं.

दुकानदार उंटाने लांबलचक लाल मोटार दाखवली. "बाई, हिच्यापुढे वाराही मागे पडतो!"

रंभा आत बसली, पण तिचे पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. लाल रंगावरून मन हटत नव्हतं, तरी ती उतरली. "मला वळणं शिकायची आहेत, उंटदादा. ती छोटी द्या."

लाल मोटार कोल्ह्याने घेतली. माळावर सगळे रंभाला हसले. पहिल्याच वळणावर कोल्हा भांबावला आणि थेट चिखलात गेला. रंभा मात्र फेरीमागून फेरी घेत राहिली; दर वळणाला तिचा हात अधिक बसत गेला.

शेवटी चिखलाने माखलेला कोल्हा म्हणाला, "ताई, मला शिकवशील?"

"बस शेजारी," रंभा म्हणाली आणि तिने गाडी पुन्हा वाटेवर घेतली.